दीड फूट पाण्याची मोहीम

अखंडितवाचनरत, चहाप्राशनदक्ष वाचकमंडळींचे सेवेसी विनंती ऐसी जे, दीड फूट पाण्याच्या मोहिमेची साद्यंत हकीकत लिहावी म्हणोन आज्ञा जाहली, त्यावरून घडले ते पदरचे काही न घालता लिहितो. घातलेच तर चार शब्द, तेही शोभेपुरते.

नदीवर धरण, धरणास पाच दरवाजे, आणि पाचांचे कुलमुखत्यार दरवाजेकाका, ज्यांची चौतीस वर्षे कळ दाबण्यात गेली आणि निवृत्तीस तीन महिने उरले. धरणाखालच्या गोट्यांत सोनपरा नामे मासा अंडी घाली, जो या नदीवेगळा पृथ्वीवर कोठे नाही. अंड्यांवर तीन आठवडे दोन फूट पाणी राखावे, कमी पडल्यास दरवाजा उचलावा, ऐसे सरकारी फर्मान होते. आणि पाणी किती हे सांगण्याचा अखत्यार पात्रातल्या मोजपट्टीस; दुसऱ्या कोणाची साक्ष मंजूर नव्हे.

त्यात मोठ्या साहेबांची स्वारी तपासणीस येणार ऐसी खबर आली. मग काकांनी पट्टी उपटून आणिली, पिवळाधमक रंग दिला, आकडे काळेभोर गिरविले, आणि पुन्हा रोवताना हलू नये म्हणोन हातोड्याचे घाव घातले, ते पट्टी पूर्वीहून दीड फूट अधिक गाळात गेली. मग पट्टीवर साडेतीन दिसो लागले, आणि पाणी फार जाहले म्हणोन काकांनी दरवाजा उतरवून ते दोनावर आणिले. साहेब रंग पाहोन बहुत संतोष पावले, आणि ‘पाण्याची अचूक नोंद ठेविल्याबद्दल’ चौकटीतले प्रशस्तिपत्र खाशा सहीनिशी बहाल केले. काकांनी ते दिवाणखान्यात लाविले.

मग माशांची गणती करणाऱ्या बाई, रबरी बूट चढवून, धरणाच्या चौकीवर चालून आल्या.

“काका, पाणी घोट्याएवढं आहे. चार दिवसांत उन्हाने अंडी मरतील!”

“बाई, पट्टी दोन फूट म्हणतेय.”

बाईंनी साहेबांकडे तीन खलिते धाडिले, आणि तिन्हींस जबाब म्हणोन पट्टीचा फोटो आला. मग काका बाईंची समजूत घालावयास स्वतः पात्रात उतरले, तो पाणी खरेच घोट्याशी. तेव्हा हातोडा आठवला आणि पायांखालची वाळू सरकली. घरी येऊन काकांनी प्रशस्तिपत्र उलटे करून भिंतीकडे तोंड करविले आणि ताटातला घास ताटात ठेविला. काकूंनी खोदून विचारिले, तेव्हा सर्व कबूल केले.

“मग जाऊन सांगा की,” काकू म्हणाल्या. “तीन महिन्यांनी घरीच बसायचंय. त्या चौकटीसारखं भिंतीकडे तोंड करून बसणार का?”

मग काकांनी प्रशस्तिपत्र बगलेत मारून कचेरीवर कूच केले, बाई कुमकेस होत्या, आणि हुजुरांपुढे उभे राहोन काका म्हणाले, “साहेब, पट्टी मी चुकीची ठोकली. हे परत घ्या.”

साहेब मोठे पेचात पडले. पट्टी खोटी तर प्रशस्तिपत्र खोटे, प्रशस्तिपत्र खोटे तर खालची सही खोटी, आणि ऐसे त्या कचेरीत पूर्वी जाहले नव्हते. शिवाय दिलेले प्रशस्तिपत्र परत घ्यावयाची वही नव्हती. सबब पट्टी बरोबर आहे, ऐसा निवाडा सुटला, आणि प्रशस्तिपत्र काकांच्याच बगलेत राहिले.

“मग साहेब, एकदा पाण्यात उभे तरी राहा,” बाई म्हणाल्या.

साहेब ईर्ष्येस पेटले. नदीवर येऊन बूट काढिले, मोजे इभ्रतीखातर ठेविले, पाटलोण गुडघ्यावर घेतली आणि पट्टीशेजारी उभे ठाकले. पट्टी दोन फूट म्हणे आणि मोजे वरून कोरडे! बाईंनी एक गोटा उचलून खालची अंडी दाखविली, मोहरीएवढी, त्यांत दोन पांढरी पडलेली. साहेबांनी वाकून ती दोन्ही निरखिली. मग तेथेच उभ्या उभ्या तहनामा सांगितला, तो येणेप्रमाणे: नदी आपल्या हलगर्जीपणाने पट्टीहून दीड फूट खाली उतरली आहे, पट्टी निर्दोष असे, सबब पट्टीवर साडेतीन होईतो दरवाजा उचलून नदीस पूर्वपदावर आणावे, आणि नदीस सक्त ताकीद द्यावी.

ताकीद कोणी दिली हे ठाऊक नाही. काका मात्र गुडघे दुखत असता चौकीच्या बासष्ट पायऱ्या धावत चढले, कळ दाबिली, तिसरा दरवाजा कण्हत उचलला, आणि पाणी गोट्यांवरून चालून गेले. मग काकांनी पट्टी बघितली नाही. आपली काठी पाण्यात घालोन दोन फूट मोजिले, आणि वहीत साडेतीन लिहिले.

अठराव्या दिवशी बाईंनी काकांस हाताला धरून काठाशी नेले. गोट्यांमधून, नुसते डोळेच दिसावे ऐसे इवले पिल्लू निघाले, मग दुसरे, मग मोजवेनात. काका तेथेच मटकन बसले आणि रडले. हे लपविण्याचे कारण नाही.

घरी वर्तमान कळताच काकूंनी खुर्चीवर चढोन, काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून टांगलेले प्रशस्तिपत्र सुलटे केले. काका नको नको म्हणत असता म्हणाल्या, “राहू दे. दिलं तेव्हा खोटं होतं. आता आहे खरं.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्या बाजूची दोन अंडी आणि साहेबांचे मोजे कामास आले. नदी अद्याप ताकिदीखाली असे. लेखनावधी.