सोहोनीबरोबर कोण जाणार

विनायक सोहोनी नवा टूथब्रश आणला की आधी त्याची दांडी कापतो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, ब्रेडच्या सुरीने. मग कापलेला तुकडा पीठ मोजायच्या काट्यावर ठेवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "आठ ग्रॅम वाचले." हे आठ ग्रॅम त्याला जुलैमध्ये आल्प्सच्या चढावर उपयोगी पडणार असतात. तेव्हा महिना नोव्हेंबर असतो आणि नॉटिंगहॅममध्ये दुपारी चारलाच दिवे लागलेले असतात.

सोहोनी हाडांचा डॉक्टर आहे. मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच आठवड्यात या गावात आलो. पुढे मी लग्न केलं, त्याने केलं नाही. त्याने डोंगर धरला, मी सोफा धरला, असं माझी बायको मेधा सांगते. चारचौघांत सांगते. वर, "सोहोनींकडे बघा, या वयात कसे ताठ चालतात," हेही असतंच. म्हणून एकदा स्पष्ट लिहून टाकतो: मला सोहोनीचा हेवा वाटतो. त्याच्या पोटऱ्यांचा वाटतो, त्याच्या सपाट पोटाचा वाटतो. पण खरी जळजळ आहे ती त्याच्याबरोबर दरवर्षी जो कोणी जातो त्याच्याबद्दल.

प्रकार असा आहे. आल्प्समध्ये उंचावर, पाच-सहा तासांच्या चालीवर मुक्कामाची घरं असतात. त्यांना हट म्हणतात. दिवसभर चालायचं, संध्याकाळी हटमध्ये गरम सूप प्यायचं, लांबलचक फळीवर दहा-बारा अनोळखी माणसांच्या रांगेत झोपायचं आणि सकाळी पुढच्या हटकडे निघायचं. सोहोनी दर जुलैत असे सहा दिवस चालतो. बरोबर एकच माणूस नेतो. दोनच का, तर तीन माणसं झाली की दोन बोलतात आणि तिसरा मागे पडतो, असं त्याचं म्हणणं. ती दुसरी जागा मला हवी होती. सहा वर्षं हवी होती.

त्या जागेसाठी सोहोनी परीक्षा घेतो. ऑक्टोबर उजाडला की इच्छुकांना कळवलं जातं. पहिला पेपर हॉस्पिटलच्या बहुमजली कार पार्कच्या जिन्यात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये कणकेची दहा किलोची पिशवी, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत बारा फेऱ्या. कणीकच का, तर "दगड नुसता जड असतो, कणीक पाठीला सरकते. सॅकही सरकते." दुसरा पेपर झोपेचा. त्याच्या बैठकीतल्या गालिच्यावर चटया टाकून सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून आडवं व्हायचं. सोहोनी मधोमध. तो घोरतो, हे त्याला माहीत आहे. सकाळी जो हसतमुख उठेल तो पास.

तिसरा पेपर लाडवाचा. डिंकाचा एक लाडू खाऊन किती चढ होतो याचं त्याच्याकडे कोष्टक आहे. प्रत्येकाने आपापला लाडू आणायचा, तो काट्यावर चढणार आणि मग सोहोनी विचारणार, "यात खारीक किती?" मेधाचे लाडू दरवर्षी पहिले येतात. ते लाडू दरवर्षी आल्प्सला जातात. मी जात नाही.

सामानाचं तर विचारूच नका. हटच्या गादीवर झोपायचं तर स्वतःची पातळ रेशमी खोळ आणावी लागते, तसा नियम आहे. दुकानातली खोळ सोहोनीला जड वाटली. मग त्याने आपल्या मुंजीतला रेशमी कद बाहेर काढला. आईने सांगलीहून निघताना बॅगेत घातला होता, कधीतरी पूजा करील म्हणून. सोहोनीने पूजा कधी केली नाही. मशिनवर कदाची खोळ शिवली. "सोवळ्याचा उपयोग तोच ना रे, गायकवाड," तो मला म्हणाला. "दुसऱ्याचा स्पर्श नको. वजन एकशे वीस ग्रॅम." मी हसलो नाही. मला ती खोळसुद्धा हवी होती.

आता माझा निकाल सांगतो. जिन्यात मी दुसरा. झोपेत पहिला, कारण सत्तावीस वर्षांत त्याच्या घोरण्याची सवय झाली आहे. लाडवात पहिला. तरी पहिल्या वर्षी डर्बीचा एक दातांचा डॉक्टर गेला, जो बाराव्या फेरीला जिन्यात बसून रडला होता. पुढच्या वर्षी आणखी कोणी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कोणी. दरवेळी मला उडवायचं कारण वेगळं. एकदा म्हणाला, "तुझे गुडघे." मी गुडघे दुखतात असं जीपीला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरला, खोटंच सांगितलं, एक्स-रे काढून घेतले आणि सोहोनीपुढे ठेवले. त्याने बराच वेळ बघितले. "झकास आहेत. पण घोटे?" पुढच्या वर्षी म्हणाला, "तुला चीज आवडत नाही." मी वर्षभर चीज खाल्लं. वजन चार किलो वाढलं. त्यावर तो म्हणाला, "आता तू जड झालास."

दर गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात सोहोनी पडद्यावर फोटो दाखवतो. बर्फाचे सुळके, घंटा बांधलेल्या गायी, हटच्या दारातल्या बाकावर तो आणि त्या वर्षीचा भाग्यवान. मी मागच्या रांगेत बसून त्या भाग्यवानाच्या बुटांकडे बघत असे. मेधा पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत असे. घरी आल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे.

या वर्षी रोहन कुलकर्णी आला. जन्म इथलाच, लीसेस्टरच्या शाळेत भूगोल शिकवतो, वय बत्तीस. परीक्षेच्या दिवशी त्याने कणकेची पिशवी कापसाची उशी असल्यासारखी उचलली. बारा फेऱ्यांनंतर मला म्हणाला, "काका, यू ओके? तुमचा पाठ दुखते का? आय कॅन कॅरी युवर्स."

"माझी पाठ उत्तम आहे," मी म्हणालो. ती मोडून आली होती.

त्याच्या लाडवात खारीकच नव्हती. तो लाडूच नव्हता, सुपरमार्केटातला ओट्सचा बार होता. सोहोनीने तो काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "चाळीस ग्रॅम. शिस्त आहे पोरात." आणि दुसरी जागा रोहनला दिली.

घरी मी मेधाला सांगितलं, की सोहोनीशी माझा संबंध संपला. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मग रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचंय ते नाही म्हणून कळवू?" मी म्हटलं, जेवायला जाऊ. संबंध त्यानंतर संपेल.

तो संपायच्या आत सोहोनीने मनगट मोडून घेतलं. जानेवारीत, त्याच कार पार्कच्या जिन्यात, बर्फावरून घसरून. एक्स-रे मीच काढला. हाडांच्या डॉक्टरचं हाड मोडलेलं पाहून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. चार-साडेचार मिनिटं वाटलं.

"जुलैपर्यंत जुळेल," तो म्हणाला. "पण शनिवारी बुकिंग उघडतंय. उजव्या हाताशिवाय मी टाइप कसा करणार? तू ये."

बुकिंग हा या सगळ्यातला सर्वांत अवघड चढ. पाचही हट एकाच साइटवर, शनिवारी सकाळी बरोबर आठ वाजता उघडतात. जागा थोड्या, माणसं फार. शिवाय पाचांतली एक हट जरी हुकली तरी बाकीच्या चार फुकट, कारण मधल्या रात्री झोपणार कुठे? एकदा फॉर्म उघडला की दहा मिनिटांत भरून पाठवायचा, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेपटाला. दरवर्षी सोहोनी हे एकटा, दार लावून करत असे.

साडेसातला मी त्याच्या टेबलाशी बसलो. तो शेजारी, प्लॅस्टरचा हात उशीवर, डाव्या हातात वही. आठला फॉर्म उघडला. कोपऱ्यात मिनिटं उलटी धावू लागली. त्याने तारखा सांगितल्या, मी घातल्या. त्याचं नाव, जन्मतारीख, फोन. मग स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा आवाज झाला आणि तो उठून आत गेला.

समोर रकाना होता: दुसरा प्रवासी.

रोहनचं नाव वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं. मी वही पालथी केली आणि माझं नाव टाइप केलं. शिरीष गायकवाड. माझी जन्मतारीख, माझा मोबाईल. एवढ्या वर्षांच्या कणकेचा मोबदला घेतोय असं वाटत होतं. एकदा बुकिंग झालं की तो काय करणार? नावं बदलता येत नाहीत, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

तो चहाचा एक कप घेऊन आला, एका हाताने एकच आणता येत होता, आणि तो माझ्यापुढे ठेवला. स्क्रीनकडे न बघता घड्याळाकडे बघत म्हणाला, "सहा मिनिटं. पुढे काय विचारतात?"

"काही अपघात झाला तर कुणाला कळवायचं. नाव आणि फोन."

"तुझं लिही."

"माझं?"

"दरवर्षी तुझंच असतं. लिही चटकन."

मी लिहिलं. फॉर्मने लगेच लाल ओळ दाखवली: हा नंबर प्रवाशांपैकीच एकाचा आहे, बरोबर नसलेल्या व्यक्तीचा द्या.

सोहोनीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकून बघितलं. वरचा रकाना वाचला. पुन्हा वाचला.

"तू घातलंस?"

"हो. सहा वर्षं झाली, विनायक. घोटेसुद्धा दाखवले असते. तो काल आलेला पोरगा चालतो, मी का चालत नाही?"

तो खुर्चीत बसला. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"तू आलास तर इथे कुणाचं लिहू?" त्याने विचारलं.

"तुझ्या दादाचं."

"दादा एक्क्याऐंशीचा आहे. सांगलीत फोन वाजला तरी त्याला ऐकू येत नाही."

"मग मेधाचं लिही. ती काय नाही म्हणणार आहे?"

"मेधाचं लिहिता येईल," तो म्हणाला. मग प्लॅस्टरच्या कडेचा कापूस आत सारत बसला. "पण आपण दोघं तिकडे आहोत आणि तिकडून फोन आला, तर ती आधी कुणाचं विचारेल?"

मी कोपऱ्यातल्या मिनिटांकडे बघितलं.

"तुझं विचारेल. तसंच असायला हवं. पण मला आपलं वाटतं, कुणीतरी फोन उचलून आधी माझं विचारावं. तसा एकच माणूस आहे. त्याला डोंगरावर नेऊन कसं चालेल? म्हणून तुझे गुडघे, घोटे, ते चीज." तो घड्याळाकडे वळला. "चार मिनिटं. तुला यायचंच असेल तर राहू दे नाव. मेधाचा नंबर घाल. मी रोहनला सांगतो."

त्याने मला जागा दिली होती. समोर, लिहिलेली, फक्त बटण दाबायचं होतं. मला ती अजूनही हवी होती, अगदी तितकीच, आणि रोहनचा अजूनही तितकाच राग येत होता. मी वही सुलटी केली. माझं नाव खोडलं आणि रोहन कुलकर्णी लिहिलं, जन्मतारखेसकट. मग खालच्या रकान्यात माझं नाव आणि माझा फोन घातला. या वेळी लाल ओळ आली नाही. शेवटचा एक रकाना उरला होता.

"नातं विचारतायत," मी म्हणालो. "काय लिहू?"

सोहोनी तोवर स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या भांड्यात डोकावून दूध उरलंय का बघत होता. पाठमोराच म्हणाला, "मी भाऊ लिहितो दरवर्षी."

मी भाऊ लिहिलं आणि बटण दाबलं. पाचही हट एकामागून एक हिरव्या झाल्या. सोहोनीचा भाऊ गायकवाड कसा, असं साइटने विचारलं नाही.