ऑरिनने काढलेले संत

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फ्रिजवर, इस्त्रीच्या फळीवर, जिथे म्हणून सपाट जागा होती तिथे भुतं वाळत पडली होती. मार्लिसबाईंनी सकाळपासून लाटून, कापून, भाजून त्यांच्यावर पांढरं आयसिंग पसरलं होतं. आता दोन काळे डोळे आणि एक वासलेलं तोंड काढलं की उद्याच्या हॅलोविनच्या कुकीज तयार. हात धुऊन त्या जरा टेकणार, तेवढ्यात चर्चमधून पास्टर लीनांचा फोन आला.

पास्टर लीना वयाने लहान आणि आमच्या गावात नवीन, पण इथली बोलायची रीत त्यांनी लवकर उचलली होती. आधी त्यांनी हवेची चौकशी केली, मग मार्लिसबाईंच्या नवऱ्याच्या गुडघ्याची, मग पुन्हा हवेची. शेवटी म्हणाल्या, की नव्याने आलेल्या काही कुटुंबांना पोरांनी चर्चच्या तळघरात बसून भुतं खाल्लेली रुचत नाहीत. परवा सर्व संतांचा दिवस आहेच, तर यंदा भुतांऐवजी संत करता येतील का? सक्ती अजिबात नाही. जमत नसेल तर आर्डिसबाई बेकरीतून काहीतरी आणायला एका पायावर तयार आहेत.

"छे, त्यात काय अवघड आहे," मार्लिसबाई म्हणाल्या.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हे वाक्य माणूस डोक्यावर आभाळ कोसळल्यावरच उच्चारतो. पण आर्डिसबाईंचं नाव निघाल्यावर दुसरं काही बोलायची सोय नव्हती. रविवारी प्रार्थनेनंतर तळघरातल्या स्वयंपाकघराची प्रमुख निवडायची होती. अठरा वर्षं त्या जागेवर मार्लिसबाई होत्या. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हॅम की चिकन, कॉफी किती कडक, कोणाचं भांडं कुठल्या कपाटात, हे सगळं त्या ठरवत आणि बाकीचे ऐकत. यंदा पहिल्यांदाच त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं होतं, ती ही आर्डिस लुंडे. स्वयंपाकघर हातचं गेलं तर रविवारी आपण स्वतःचं करायचं काय, या विचाराने मार्लिसबाईंची झोप उडाली होती. पण त्या कोणाकडे काही बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे मतं कोणी मागत नाही. काहीतरी भाजून आणतात.

"संत," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "एवढ्या भुतांचे मी आता संत कसे करू?"

त्यांचा नवरा ऑरिन खिडकीपाशी बसून पेपर वाचत होता. गावातल्या मोठ्या रस्त्यावर त्याचं केशकर्तनालय होतं. ते बंद करून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्याला अजून 'आपला ऑरिन' असंच म्हणत असे. त्याने चष्मा वर करून टेबलाकडे पाहिलं.

"झगे तर पांढरे आहेतच," तो म्हणाला. "डोक्याभोवती पिवळी कडी काढ आणि तोंडं जरा शहाण्या माणसांसारखी कर. झाला संत."

कल्पना वाईट नव्हती, पण सकाळपासून लाटून मार्लिसबाईंचं मनगट सुजलं होतं आणि आयसिंगचा कोन हातात धरवत नव्हता. ऑरिनने तो त्यांच्या हातातून घेतला. जन्मभर लोकांच्या कानांभोवती कात्री फिरवलेला हात, त्यामुळे तो थरथरायचा नाही. मार्लिसबाई चर्चच्या तळघरात टेबलं मांडायला गेल्या आणि परत आल्या तेव्हा सगळे संत ओळीने तयार होते. चेहरे साधेच होते, दोन टिंबं आणि एक रेघ, पण केस काय सुरेख काढले होते. कोणाला मध्येच टक्कल, कोणाला कानापुढे कल्ले, कोणाच्या कपाळावर बंडखोर झुलूप.

"केस छान जमलेत हं," मार्लिसबाई म्हणाल्या आणि निश्चिंत झाल्या.

त्यांच्या काहीच लक्षात आलं नाही, यात त्यांचा दोष नव्हता. आमच्या गावात पुरुष टोपी काढतात ती एकतर न्हाव्याच्या खुर्चीत किंवा प्रार्थनेला, आणि प्रार्थना चालू असताना मार्लिसबाई खाली कॉफी करत असत. गावातली डोकी त्यांनी कधी उघडी पाहिलीच नव्हती.

हॅलोविनच्या संध्याकाळी तळघर भरून गेलं. पोरं डायनासोर, चेटकिणी आणि गायी होऊन आली होती. पास्टर लीनांनी कुकीज पाहून दोनदा आभार मानले. आर्डिसबाईंनी लांबूनच नजर टाकली आणि "वेगळंच काहीतरी केलंय" असं म्हणाल्या, म्हणजे त्यांना कुकीज अजिबात आवडल्या नव्हत्या. त्यांचा जळफळाट पाहून मार्लिसबाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग हेझलबाई टेबलापाशी आल्या. त्यांचे यजमान क्लॅरेन्स वसंतात वारले होते. त्यांनी एक कुकी उचलली, तोंडाकडे नेली आणि तिथेच थांबवली.

"हे क्लॅरेन्स आहेत," त्या म्हणाल्या.

शेजारच्या बाईंनी सांत्वन करायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग स्वतःच कुकीकडे पाहत राहिल्या. उजवीकडचा भोवरा, त्याच्याखाली ट्रॅक्टरवरून पडल्याची खूण सोडून विंचरलेले केस. क्लॅरेन्सच होते ते. हळूहळू सगळेच वाकून ताटं पाहू लागले. कोणी म्हणे हा आमचा मायलो, कोणी म्हणे हे टपालवाले बर्टेल. एका बाईंनी आपल्या थोरल्या दिरांना ओळखलं, पण तोवर गाय झालेल्या एका मुलीने त्यांचं डोकं खाल्लं होतं आणि ती झग्याला सुरुवात करत होती. तिला काही म्हणणार तरी काय? "शांतपणे चावून खा गं," एवढंच त्या बाई म्हणाल्या.

मार्लिसबाईंनी ऑरिनला कोटाच्या खुंट्यांमागे ओढलं.

"तू कोणाला काढलंस?"

"तूच म्हणालीस संत काढ. संत म्हणजे आपलेच गेलेले लोक, असं दर वर्षी या चर्चमध्ये सांगतात. मी काय दुसऱ्या कोणाला ओळखतो?"

तेवढ्यात ड्वेन कोल्ब आपली कुकी घेऊन आला. दुधाची गाडी चालवायचा, बोलायला अगदी कमी.

"ऑरिन, हा मी आहे का?"

ऑरिनने कुकी दिव्याखाली धरली. "हो. तूच."

"पण मी अजून आहे."

"हातासरशी होऊन गेला रे. परवा मागच्या दाराच्या पायरीवर बसवून तुझे केस कापले ना, तेच हातात राहिले होते."

ड्वेनने थोडा विचार केला, मग स्वतःला डोक्याकडून खाल्लं आणि लोणी जरा जास्त आहे असं सांगून निघून गेला.

इथवर सगळं निभावलंही असतं. पण आर्डिसबाईंनी मघापासून सगळी ताटं दोनदा पाहिली होती. त्यांचे दिवंगत वडील हॅल्व्हर लुंडे यांनी चर्चला घंटा दिली होती. सगळ्यांसमोर त्या ऑरिनकडे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे बाबा दिसत नाहीत कुठे."

ऑरिनला खोटं बोलता येत नाही. मार्लिसबाईंनी त्याच्या पायावर पाय ठेवला, पण त्याला वाटलं, आपला गुडघा दुखतो म्हणून ती आधार देतेय.

"हॅल्व्हर माझ्याकडे आलेच नाहीत कधी," तो म्हणाला. "ते पलीकडच्या गावात जायचे, एल्क क्रॉसिंगला. जे डोकं मी कापलं नाही ते मला काढता येत नाही."

गावात न्हावी असताना दुसऱ्या गावात केस कापायला जाणं, तेही घंटा देणाऱ्याने, ही गोष्ट तीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होती आणि तीस वर्षं कोणी उच्चारली नव्हती. आर्डिसबाई लाल झाल्या, कोट चढवून "मस्त झाला कार्यक्रम" म्हणाल्या आणि गेल्या.

घरी आल्यावर दारात किल्ली लावताना मार्लिसबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गेलं माझं स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. ऑरिनने त्यांचा कोट काढून खुंटीला लावला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. हेझलबाई होत्या. क्लॅरेन्स खिशात मोडले होते, तर आणखी एक मिळेल का? त्या जायच्या आत बर्टेलची लेक आली. मग ज्यांची माणसं ताटात नव्हती ते आले, फोटो घेऊन. बायकांच्या बाबतीत ऑरिनने हात वर केले, कारण बायका त्याच्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. पण कोणाच्या तरी आजीचा अंबाडा त्याला पहिल्याच फटक्यात जमला आणि मग बायकांची रांग लागली. मार्लिसबाई मनगटाला पट्टी बांधून लाटत होत्या, भाजत होत्या, येणाऱ्याला कॉफी देत होत्या. प्रत्येकजण निघताना म्हणत होता, मार्लिस, तुझे उपकार कसे फेडायचे. दुपारपर्यंत मार्लिसबाईंच्या मनात उद्याची मतं मोजून झाली होती आणि ती पुरेशी होती.

सगळ्यात शेवटी आर्डिसबाई आल्या. त्यांच्याकडचा फोटो समोरून काढलेला होता.

"मागून कसे होते ते?" ऑरिनने विचारलं.

आर्डिसबाईंना सांगता येईना. त्या ऑरिनच्या खुर्चीमागे गेल्या आणि त्याच्याच डोक्यावर बोटं फिरवून दाखवू लागल्या. इथून केस असे वळायचे. इथे विरळ होते. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसायची ना, तेव्हा इथेच धरून बसायची. ऑरिन मान न हलवता ऐकत होता. मार्लिसबाईंनी ओव्हनकडे तोंड केलं, कारण त्यांनाही भरून आलं होतं. या बाईचा राग राग करणं आता जड जाणार, हेही त्यांना कळून चुकलं.

रविवारी प्रार्थनेत गेलेल्यांची नावं वाचली गेली आणि बाकांवर ज्याच्या त्याच्या रुमालात ज्याचं त्याचं माणूस होतं. नंतर तळघरात सगळे जमले. पास्टर लीनांनी निवडणुकीचं काढलं, तशा आर्डिसबाई उभ्या राहिल्या.

"मी माझं नाव मागे घेते," त्या म्हणाल्या.

मार्लिसबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. त्या नम्रपणे मान खाली घालायच्या बेतात होत्या.

"आणि त्या जागी ऑरिनचं नाव सुचवते."

हेझलबाईंनी लगेच अनुमोदन दिलं. पास्टर लीनांनी नव्या नावापासून सुरुवात करत ऑरिनसाठी हात वर करायला सांगितलं. आमच्या गावात समोर बसलेल्या माणसाचं नाव पुकारलं की कोणी हात खाली ठेवत नाही, म्हणून एकेक करत सगळे हात वर गेले. ऑरिनने स्वतःचाही केला, कारण नक्की काय विचारलंय ते त्याला ऐकू आलं नव्हतं. मग सगळे मार्लिसबाईंकडे पाहू लागले. एकट्या बायकोने नवऱ्याला विरोध केला असं पुढची चाळीस वर्षं बोललं गेलं असतं. त्यांनी पट्टी बांधलेला हात वर केला.

टाळ्या झाल्या. पास्टर लीनांनी स्वयंपाकघराची किल्ली मार्लिसबाईंकडून घेऊन ऑरिनला दिली. तो आत गेला. बराच वेळ कपाटं उघडल्याचे आणि लावल्याचे आवाज येत राहिले. मग त्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"मार्लिस, कॉफीची मोठी किटली कुठे असते गं?"

मार्लिसबाईंनी आर्डिसबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली, बसल्या आणि मांडीवर रुमाल नीट पसरला.

"असेल तिथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या.