भाऊराव दातार घर बघतात

भाऊराव दातार पाटावर बसण्याआधी पाट ठोकून बघत. आधी बोटाच्या पेराने, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही तर कोटाच्या खिशातली छोटी हातोडी काढून. आमच्याकडे सत्यनारायणाला पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या आजोबांच्या वेळचा शिसवी पाट उलटा केला, चार ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वरून ठीक दिसतोय. वरून." ती हातात वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी. माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण पंगतीत काय बोलणार?

हे 'वरून' ते नेहमी दोनदा म्हणायचे. पहिल्यांदा साधं आणि दुसऱ्यांदा डोळे बारीक करून. नारळ घेतला तरी 'वरून', नवा जावई दाखवला तरी 'वरून'. आमच्या भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली आणि हे गृहस्थ मांडवाच्या खांबाला कान लावून उभे. एकाने बघितलं, दुसऱ्याला खुणावलं, आणि शेवटच्या 'सावधान'ला निम्मा मांडव रस्त्यावर. मांडवाला काही झालं नाही. भाऊराव म्हणाले, "आज झालं नाही."

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. सगळी हयात रेल्वेत घाटातल्या पुलांचे तपासनीस म्हणून गेलेली. कर्जतपासून वर खंडाळ्यापर्यंत पुलाची एकेक रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारा जाड खिळा, हातोडीने ठोकायची आणि आवाज ऐकायचा. घट्ट असेल तर खणखणते, सैल असेल तर कुरकुरते. नोकरीची शेवटची वर्षं ठाकुरवाडीच्या क्वार्टरमध्ये गेली. "गाडीतली माणसं खुशाल झोपतात," ते मला सांगायचे, "का? तर कोणीतरी संशय घेतलेला असतो म्हणून." यावर माझ्यासारख्या भाताच्या व्यापाऱ्याने काय बोलावं? आम्ही पोत्यात बंबीची पोकळ सळई खुपसतो, चार दाणे तळहातावर घेतो आणि सौदा करतो. भाऊरावांनी पोतंच पालथं केलं असतं.

जर्मन लढाई संपून काही वर्षं झाली होती. भाऊराव रिटायर झाले, क्वार्टर सोडावी लागली, आणि ते कर्जतला माझ्या वखारीमागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले. मूलबाळ नाही. काशीवहिनी आणि ते, दोघंच. वहिनी बोलायला मोकळ्या. लग्न झाल्यापासून रेल्वेच्या घरांत राहिलेली बाई. तुळस लावायची, ती जरा डवरली की बदली, की कुंडी शेजारणीला देऊन निघायचं. "भाऊजी, मला आता एक स्वतःचं दार हवंय," त्या मला म्हणायच्या. "आणि लवकर हवंय हो. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. तो पिकला की काढतील, तेव्हा काढतील. पण त्याच्या आधी मला माझं घर एकदा नीट बघू दे."

खरोखरच त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. माझ्या बायकोला त्या आवाजावरून ओळखायच्या.

म्हणून भाऊराव घर बघू लागले. नवं बांधायची ऐपत नव्हती, जुनं घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे छकडा होता, हा माझा गुन्हा. भात वखारीत भरून मी जरा मोकळा झालो की हे दारात हजर. "येताय ना? बैलांनाही फिरणं होईल." बैलांची काळजी करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो!

कर्जतपासून खालापूरपर्यंत एक गाव आम्ही सोडलं नाही. एका घराला वासे बरे नाहीत, एकाची भिंत पोट काढून उभी, एकाच्या विहिरीचं पाणी 'वरून' गोड. मालक चहा द्यायचा, हे कपबशी ठोकायचे. खालापूरला तर एका इनामदाराचं घर मिळत होतं. सगळं सागवानी, खांब मिठीत न मावणारे. भाऊरावांनी सकाळपासून दुपारपर्यंत ठोकलं आणि सगळं खणखणलं. मी मनात म्हटलं, सुटलो! पाहतो तर हे माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दोन दगडी पायऱ्यांवर बसलेले, तोंड एवढंसं करून.

"काय झालं?"

"नको."

"अहो, पण खोट काय निघाली?"

"काही नाही. नको म्हणजे नको."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही. बैलांशी बोललो.

शेवटी कोंडाण्याला पांडूचं घर निघालं. पांडू कुणबी, जमिनीत राबणारा, भावांपासून वेगळा होऊन शेतावर नवं घर बांधून राहिलेला. गावातलं जुनं घर रिकामं होतं. बैठं, कौलारू, मागे चार पावलांवर विहीर. पांडूने हौसेने दार उघडलं. "या, बसा. पानी देऊ का? आमच्या आज्यानं बांधलंय, लई मजबूत हाय."

"वरून," भाऊराव म्हणाले. "वरून."

मग जी तपासणी सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. खांब ठोकले, भिंती ठोकल्या, चुलीमागचा कोनाडा ठोकला. लोखंडी सळई खुपसून वाळवी बघितली. कौलं काढून वाशांचा वास घेतला. पुलावर म्हणे भरलेली मालगाडी उभी करून पूल वाकतो का बघतात. कोंडाण्यात मालगाडी कुठून आणणार? तेव्हा माझीच भाताची पोती छकड्यातून आणून माळ्यावर चढवली, वर पांडूच्या भावकीतले धट्टेकट्टे गडी चढवले आणि भाऊरावांनी खालून ओरडून सांगितलं, "आता सगळे एकदम उड्या मारा!" गड्यांना मजा वाटली. ते थांबेचनात. माळा जागचा हलला नाही, पण एक पोतं उसवून सगळा भात माझ्याच डोक्यावर आला. माझ्या नाकातोंडात धूळ, आणि हे मान वर करून म्हणतात, "छान बोलतोय हं माळा!"

गाव दारात लोटला होता. आणि गावाच्या डोळ्यांत मला काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. कोणी हसत नव्हतं. सगळे भाऊरावांच्या हाताकडे टक लावून बघत होते. हातोडी कुठे जास्त वेळ थांबते, कान कुठे लागतो.

ती थांबली उंबऱ्यांवर. पुढच्या दाराचा उंबरा, माजघराचा उंबरा, मागच्या दाराचा उंबरा. तिन्ही चांगले वीतभर उंच, जुन्या घरांना असतात तसे. भाऊरावांनी प्रत्येक उंबरा वितीने मोजला, पुन्हा मोजला, त्यावर पाय ठेवून बघितला, खाली वाकून जमीन चाचपली आणि मोठा सुस्कारा सोडला. पांडू माझ्या कानाशी आला. "शेट, ह्यो बामन काय ऐकतोय वो त्या उंबऱ्याखाली?"

"लाकूड ऐकतोय."

"लाकूड काय बोलतंय?" त्याचे डोळे बारीक झाले. "खोटं नका सांगू. आमच्या आज्याकडं मोहरा व्हत्या म्हनं. मेला तवा काय पन घावलं नाय."

मी कपाळावर हात मारला. आता संशय घेणारे दोन झाले.

भाऊरावांनी घराला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "विचार करतो," म्हणाले. झालं! पांडूची झोप उडाली. बामणाला ठिकाण कळलंय, आता घर घेईल आणि सोनंही नेईल. दुसऱ्या दिवसापासून घराचं दार आतून बंद आणि आतून पहारीचे घाव. इकडे वहिनी मला रोज विचारायच्या, "भाऊजी, कोंडाण्याचं काय झालं हो? हे काही सांगतच नाहीत. मला वाटतं हे घर घेणारच नाहीत. ठोकत बसतील आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार होऊन जाईल." त्यांच्या आवाजात रडं होतं. मला भाऊरावांचा असा राग आला की त्यांची हातोडी उल्हास नदीत भिरकावून द्यावीशी वाटली.

त्याच रागात मी त्यांना छकड्यात घातलं आणि कोंडाण्याला नेलं. म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष.

दार उघडंच होतं. पांडू ओसरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला, अंगभर माती. घरातले तिन्ही उंबरे उखडलेले. त्यांच्याखालची जमीन खणून पुन्हा भरून धोपटलेली, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सपाट, तळहातासारखी. सोनं काय, फुटकी कवडी निघाली नव्हती.

"मोडलं माजं घर," पांडू म्हणाला. "बिगर उंबऱ्याचं घर कोन घेतंय? लक्षुमी कुटं थांबायची? बायको तोंडाकडं बघत नाय. तुमच्या पायी झालं हे, भटजीबोवा!"

मीही मनात म्हटलं, झालं! आता 'नको' ऐकायचं आणि परत फिरायचं. भाऊराव आत गेले. या दारातून त्या दारात गेले, परत आले. हातोडी खिशातच. जमिनीवरून पाय घासत गेले, पुन्हा घासत आले. मग पांडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"घेतलं," म्हणाले.

"आँ?"

"घर घेतलं. तू सांगितलेल्या भावात. उंबरे मात्र परत बसवायचे नाहीत."

पांडू ताडकन उठला. मला म्हणाला, "बगा, शेट! अजून खाली असंल. अजून खोल!" आणि खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. ज्या माणसाने पाटावर विश्वास ठेवला नाही, कपबशीवर ठेवला नाही, तो उखडलेलं घर ठोकून न बघता घेतो? आणि उंबरा का नको? आमच्या मुलखात उंबऱ्याशिवाय घराला घर म्हणत नाहीत. उंबऱ्यावर रांगोळी, उंबऱ्यावर हळदकुंकू, नवी सून माप ओलांडते ते उंबऱ्यावर. मी त्यांना वाटेत खोदून खोदून विचारलं. "वाळवी होती," एवढंच म्हणाले. वाळवी! मी स्वतः बघितले होते ते उंबरे. खैराचे होते, त्यांच्यावर वाळवीचे दात पडले असते.

अक्षयतृतीयेला प्रवेश ठरला. सामानाची पहिली खेप घेऊन मी सकाळीच कोंडाण्याला गेलो. वहिनी मागून दुसऱ्या गाडीने माझ्या बायकोबरोबर येणार होत्या. भाऊराव आदल्या दिवसापासूनच तिथे होते. खरं सांगतो, मी पाय न वाजवता आत शिरलो. म्हटलं, सापडतात आज खणताना.

भाऊराव चुलीपाशी उभे होते. डोळे घट्ट मिटलेले. दोन्ही हात थोडे पुढे धरून ते चालायला लागले. चुलीपासून माजघरात, माजघरातून मागच्या दारात, तिथून बाहेर, थेट विहिरीच्या कठड्याला हात लागेपर्यंत. तिथून वळले, तसेच परत आले. मागच्या दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला त्यांचं कपाळ खाडकन आपटलं.

"अहो, भाऊराव!"

त्यांनी डोळे उघडले. मला बघून दचकले, आणि मग कपाळ चोळत म्हणाले, "ती माझ्याहून बुटकी आहे. तिला नाही लागणार. नाही ना लागणार?"

मला काही कळेना. मग ते जमिनीवरच बसले.

"मोतीबिंदू नाही हो तो. काचबिंदू आहे. मुंबईच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, यावर इलाज नाही. तिला सांगितलेलं नाही मी. ती म्हणते पिकला की काढतील, मी म्हणतो हो." त्यांनी कपाळ पुन्हा चोळलं. "माझं काय, मी आज आहे. मागे ती एकटीच राहिली तर चुलीपासून विहिरीपर्यंत तिला जाता आलं पाहिजे. कोणाचा हात न धरता. खालापूरला त्या दोन पायऱ्या होत्या. इथे उंबरे होते. मी होऊन चांगले उंबरे काढायला सांगितले असते तर गावभर बोभाटा झाला असता आणि तिने विचारलं असतं, का? काय सांगणार होतो मी?"

मी उगाचच पेट्या उतरवायला बाहेर गेलो.

थोड्या वेळाने दुसरी गाडी आली. वहिनी नवं लुगडं नेसलेल्या, हातात तुळशीची कुंडी. माझ्या बायकोने दारात पाण्याचा तांब्या ओवाळला. वहिनींनी उजवा पाय उचलला, चांगला उंच, उंबरा ओलांडायला उचलतात तसा. पाय सरळ जमिनीवर आला. त्या जागच्या जागी थबकल्या.

"अगंबाई! अहो, उंबरा कुठाय?"

"वाळवी लागली होती," भाऊराव म्हणाले. "आतून पोकळ. काढून टाकला."

वहिनींनी अंगठ्याने जमीन चाचपली, डावीकडे, उजवीकडे. मग हसल्या. "बरं झालं मेलं. हल्ली सारखी ठेच लागते मला."

आणि त्या कुंडी छातीशी धरून चालू लागल्या. माजघरातून, मागच्या दारातून, बाहेरच्या उजेडात. भाऊराव त्यांच्या मागे होते, दोन्ही हात पुढे धरून, पण त्यांना न शिवता.