रिसबूडकाकांचे भाऊ

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत प्रत्येक जिन्याच्या वळणावर 'येथे थुंकू नये' अशी पाटी आहे. या सगळ्या पाट्या तळमजल्यावरच्या रिसबूडकाकांनी स्वतः उभं राहून लावून घेतल्या होत्या. आणि हल्ली त्याच पाटीखाली उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांपुढे प्लास्टिकची एक नळी धरून "जरा यात थुंकता का?" असं अदबीने विचारणारे गृहस्थही रिसबूडकाकाच.

फक्त पुरुषांना हं. बायकांची थुंकी काकांना चालत नाही. मी एकदा उत्साहाने हात पुढे केला, तर त्यांनी नळी मागे घेतली.

"मेधा, मुळापासून सांगतो," काका म्हणाले. काकांना सगळंच मुळापासून सांगायचं असतं. लिफ्ट बंद का आहे हे विचारलं तरी ते विजेच्या शोधापासून सुरुवात करतात. "बापाकडून मुलाकडे एक गुणसूत्र जसंच्या तसं जातं. वाय. पिढ्यान् पिढ्या तेच. मधेच कधीतरी त्यावर एखादा ओरखडा पडतो, आणि मग पुढच्या सगळ्या वंशात तो ओरखडा उतरतो. त्या ओरखड्यांवरून कोण कुठून निघाला आणि कुठे पांगला, ते कळतं. तुम्हा बायकांकडे ते नसतंच गं. तुझी थुंकी वाया जाईल."

आतून काकू म्हणाल्या, "ह्यांच्या त्या झाडावर मी कुठेच नाही मेधा. पाणी मात्र मीच घालते."

काकांची नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत झाली. जन्मभर पाण्याचे नमुने तपासल्यामुळे रिकामी बाटली दिसली की त्यांना ती भरून, चिठ्ठी चिकटवून कुठेतरी पाठवावीशी वाटत असावी. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने स्वतःची थुंकी तपासायला दिली आणि उत्तर आलं, 'एल' शाखा. तेव्हापासून हॉलमधलं कालनिर्णय स्वयंपाकघरात गेलं आणि त्या जागी जगाचा नकाशा आला. नकाशावर लाल दोरा. एल शाखेचा मूळपुरुष नेमका कुठला, यावर अजून विद्वानांचंच एकमत नाही म्हणे. कुणी सिंधूच्या आसपास म्हणतं, कुणी पार इराणकडे बोट दाखवतं. त्यामुळे नवीन काही वाचलं की काका स्टुलावर चढून टाचणी काढतात आणि आपल्या पूर्वजांना थोडं पलीकडे नेऊन ठेवतात.

एल शाखेवाल्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे काकांना हसन भेटला. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी त्याच्या हेझलनटच्या बागा आहेत. दोघांचा सामाईक पणजोबा हजारो वर्षांपूर्वी कधीतरी होऊन गेला, एवढ्या भांडवलावर काका त्याला 'आमचे हसनभाऊ' म्हणतात. दिवाळीला त्यांनी हसनभाऊंना चिवडा आणि कडबोळी पाठवली. हसनभाऊंनी कडबोळ्यांचा फोटो पाठवून, हे दाराला लावायचं की खायचं, असं विचारलं. तिकडे भूकंप झाल्याची बातमी आली तेव्हा काका दिवसभर जेवले नाहीत. हसनभाऊंचं 'मी ठीक आहे' असं आलं, तेव्हा त्यांनी मला बोलावून दोनदा वाचून दाखवलं. मी तेव्हा हसले होते.

दुसरे भाऊ अगदी शेजारचे. आमची इमारत ज्यांच्या जमिनीवर उभी आहे ते दामूशेठ म्हात्रे. काकांनी नळी पुढे केली तेव्हा दामूशेठ खो खो हसले. "काका, आमचा मूल शोधाला थुकाची काय गरज? माझा बापूस मिठागरान, त्याचा बापूस मिठागरान. खारीच्या पान्यालाच इचारा ना!"

पण थुंकले. आणि शाखा निघाली एल! काकांनी पेढे वाटले. दामूशेठनी त्याच्या वरताण केली. "भाव हाव ना आपुन? मंग भावाच्या घरचा खा," म्हणत त्यांनी हातभर लांबीचा ताजा जिताडा मासा परातीतून पाठवून दिला. काकांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आता भाऊबंदांच्या घरून आलेलं परत कसं करायचं? काकांनी जिताड्याला लांबूनच नमस्कार केला आणि परात आमच्याकडे पाठवली. तेव्हापासून एल शाखेबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

एकदा मी सहज विचारलं, "काका, जगभरचे भाऊ गोळा केलेत. तुम्हाला सख्खा भाऊ नाही का?"

काका स्टुलावर होते. त्यांनी टाचणी काढली, परत तिथेच टोचली आणि मुळापासून काहीच सांगितलं नाही.

काकूंनी नंतर सांगितलं. धाकटा भाऊ आहे, सुधाकर. कल्याणला पारनाक्याजवळ राहतो. सात-आठ वर्षांत तोंड पाहिलेलं नाही. वडील गेले त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी थांबले, नातेवाईक उन्हात ताटकळले, ज्याला जे सुचेल ते कबूल करून झालं. शेवटी काका सगळ्यांसमोर भावाला म्हणाले, "तुझ्यामुळे अडकलाय बाबांचा जीव." सुधाकर शेवटच्या घडीला पोचू शकला नव्हता, त्याचा राग. दर्भाचा कावळा करून विधी उरकला आणि सुधाकर घाटावरूनच परस्पर निघून गेला.

"पितृपक्षात हे इथे बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेऊन पाणी सोडतात," काकू म्हणाल्या, "आणि तिकडे भाऊजी तीच तीन नावं घेत असतील."

त्यानंतर आठवड्याभराने काकांनी मला गाठलं. माझी बँकेची शाखा कल्याणला आहे. त्यांच्या हातात नळीची नवीकोरी पेटी होती. "पारनाक्याला एकाकडे द्यायची आहे," ते पाटीकडे बघत म्हणाले. "शास्त्रासाठी. थुंकण्यापूर्वी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, एवढं सांग."

त्या शनिवारी बँक सुटल्यावर मी गेले. दार उघडणाऱ्या माणसाला नाव विचारायची गरजच पडली नाही. तेच नाक, कानांवर तेच केस. मी पेटी दिली आणि कुणी पाठवली ते सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हे बापाकडून येणारं ना? मग दादाचं जे आलंय तेच माझं येणार. एवढं शिकलेल्या माणसाला हे कळत नाही?"

"कळतं त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी पेटी उघडून नळी बाहेर काढली. टेबलावर त्यांचा चहा अर्धा संपलेला होता. म्हणजे अर्धा तास थांबणं आलं.

"भांडण झालं तरी कशावरून?" मी काही माहीत नसल्यासारखं विचारलं.

"थांबा," ते म्हणाले, "मुळापासून सांगतो."

आणि सांगितलं. इस्पितळातून फोन आला तेव्हा ते नाशिकला होते, घाटात रस्ता बंद पडला होता. हे त्यांनी दादाला कधी सांगितलंच नाही, कारण दादाने कधी विचारलं नाही. अर्धा तास होऊन गेला. त्यांनी नळी तोंडाशी धरली, दोनदा प्रयत्न केला. तोंडाला कोरड पडली होती.

"इथे जमत नाही," ते नळी पेटीत ठेवत म्हणाले. "त्याच्यासमोरच थुंकतो. तुम्ही ठाण्यालाच चाललात ना?"

वाटेत ते पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. आमच्या जिन्यात ती पाटी वाचून म्हणाले, "ही दादानेच लावली असणार."

काकांनी दार उघडलं. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मला उगाचच वाटलं की आपण कुणाच्या तरी घरातल्या आरशासमोर आलोय. सुधाकरकाकांनी पेटी पुढे केली. काकांनी ती घेतली नाही.

"घाट बंद होता रे, दादा," सुधाकरकाका म्हणाले. बाकीचं मूळ त्यांना आठवलं नसावं.

काकांनी मान हलवली. मग हलवतच राहिले. नंतर आत वळून, ओळखू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, सुधा आलाय. चहा टाक."

"अहो, थुंकायचंय ना त्यांना?" काकू पदराने डोळे पुसत दारात आल्या. "अर्धा तास काही द्यायचं नाही म्हणता ना तुम्ही?"

"राहू दे ती थुंकी," काका म्हणाले. "चहा टाक."