गंगूचा हुंकार

आमच्या गंगूला गोष्ट सांगायला बसणं म्हणजे कोर्टात साक्षीला उभं राहणं. वय चार, समोरचे दोन दात किडलेले, पण सांगणाऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपायचा नाही. आमच्या निर्णा गावात ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. चूक झाली की गंगूचा हुंकार बंद. नुसतं म्हणायची, "मागं जा." की आपण निमूट मागं जायचं.

गोष्ट एकच. कोल्हा तांबडा रुमाल बांधून हुमनाबादच्या बाजाराला जातो, कोल्हिणीसाठी गूळ, फुटाणे आणि बांगड्या घेतो आणि परत फिरतो, तर नदीला पूर. माझ्या दादानं, म्हणजे तिच्या अप्पानं, ती आपल्या डोक्यातून काढलेली. दादामागं ती सांगायचं काम माझ्या, म्हणजे आत्याच्या, गळ्यात पडलं. एकदा मी गुळाआधी फुटाणे घेतले.

"आत्या, कामून चुकायलीस? गूळ पहिला."

वहिनीनं एकदा पेंगत पेंगत अख्खा बाजारच गाळला. तिलाही परत हुमनाबादला जावं लागलं. पटवारीकाका जेवायला आले होते, त्यांनी पोरीला खूश करावं म्हणून कोल्ह्याला तुर्की टोपी घातली. गंगू गप्प. काका हुंकाराची वाट बघत तोंड उघडं ठेवून बसले. साऱ्या गावावर हुकूम चालवणारा माणूस, पण शेवटी टोपी काढून रुमाल बांधला तेव्हाच त्यांची सुटका झाली.

पुराशी गोष्ट थांबायची. दादानं तिथवरच सांगितली होती, पुढचं उद्या म्हणाला होता. पण ते निजामी राज्यातल्या धामधुमीचं वर्ष. तरण्या माणसानं गावात राहणं धोक्याचं झालं, आणि तो राज्याची हद्द ओलांडून सोलापूरकडे गेला. कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मला त्या कोल्ह्याची दया आली. म्हटलं, एक नावाडी आणावा आणि त्याला घरी पोचवावं. गंगूनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"पुढचं अप्पा सांगणार हाय. तू कोल्ह्याला घरी नेलीस, तर आल्यावर अप्पा त्याला कुठं हुडकंल?"

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी कोल्ह्याला काठावर सोडून उठायची. दादाची फार आठवण यायची, आणि त्या मेल्या कोल्ह्याचा रागही यायचा.

सगळं निवल्यावर दादा आला. दाढी वाढलेली, अंगावर मांस नाही. गंगू आधी बुजली, खांबाआडून बघत राहिली. मग हळूच जाऊन त्याच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "सांग."

दादानं दाढी खाजवली.

"एक होता ससा," तो म्हणाला.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी दादाला सांगायला तोंड उघडणार, तोच गंगूनं माझ्यावर डोळे वटारले.

"हूं," ती म्हणाली.

ससा हिरवी टोपी घालून बीदरला गेला. हूं. त्यानं गाजरं घेतली. हूं. वाटेत नदी लागलीच नाही. ससा सरळ घरी पोचला. हूं.

"असंच होतं न्हवं?" दादानं विचारलं.

"व्हय, अप्पा," गंगू म्हणाली. "असंच होतं."