मयसून हवी, एका वर्षासाठी

माणसं ओळखण्यात आपली चूक होणं शक्यच नाही, असं लमीस काकिश यांना मनापासून वाटे. आणि का वाटू नये? नाना देशांची, नाना धर्मांची माणसं एका छपराखाली डोकी न फोडता कशी काम करतील, हे सांगत लमीसबाई जगभर हिंडल्या होत्या. ओस्लोत भाषण, सिंगापुरात भाषण, शिवाय उशाला घेता येतील अशी दोन जाडजूड पुस्तकं! जन्म अम्मानचा, पण अम्मानमध्ये बाई दिसायच्या त्या विमानतळावरच.

हल्ली मात्र बोलावणी आटली होती. बड्या कंपन्यांना या विषयाचा कंटाळा आला होता. आता जॉर्डनमधल्याच करक गावच्या अबू गालिब यांच्या कारखान्याचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर ऑफिसला कुलूप! कारखाना जमीदचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या दगडासारख्या गोळ्यांचा. कामगार इजिप्तचे, सीरियाचे, बांगलादेशचे आणि करकचे. भांडण झालं की हे लोक तेच गोळे एकमेकांवर फेकत. शेवटी मालकाची मुलगी मयसून हिनं लमीसबाईंना बोलावलं आणि वडिलांना एवढीच गळ घातली, "बाबा, माझी माणसं घरी येतायत. नीट ऐकून घ्या!"

लमीसबाईंनी सोबत यानिक हा आपला स्विस सहकारी घेतला. उंच, गोरापान, आणि अरबीत ठार निरक्षर.

"तू नुसतं हसायचं," बाईंनी बजावलं. "बोलायचं मी!"

दिवाणखान्यात कॉफी आली. बाईंना ॲसिडिटी, डॉक्टरांनी कॉफी बंद केलेली. बाईंनी कप घेतला, गोड हसल्या आणि समोर ठेवून दिला.

अबू गालिब सावरून बसले. पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली की तो काहीतरी मागायला आलाय, आणि बहुतेक वेळा घरातली मुलगी, हे करकमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. लमीसबाईंनी तर यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं! पण ते परदेशी पाहुण्यांसाठी.

"बोला बाई, काय मागणं आहे?"

वा! माणूस थेट मुद्द्यावर येतो! बाई खूश झाल्या.

"आडपडदा ठेवत नाही, अबू गालिब. आम्हाला तुमची मयसून हवी!"

पडद्यामागे बांगड्या किणकिणल्या. अबू गालिब यांनी यानिकला आपादमस्तक न्याहाळलं. यानिक हसला.

"याच्यासाठी?"

"हो, याच्याबरोबरच राहील ती. सकाळी आठ ते चार."

"आठ ते चार?"

"आणि सध्या एका वर्षासाठी. जमलं तर मुदत वाढवू."

अबू गालिब यांचा चेहरा जमीदसारखा पांढरा आणि टणक होत चालला.

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरी कुणीतरी द्या! तुमच्याकडे काय, पुष्कळ असतील!"

"बाई, मला एकच मुलगी आहे!"

हे उत्तर बाईंना जरा भावनिक वाटलं. "काळजी नको. दर तीन महिन्यांनी तिचा अहवाल तुम्हाला पाठवू. सुधारणा कुठे हवी, तेही कळवू."

"अहवाल? माझ्या मुलीचा? आणि या गृहस्थांनी असं याआधीही केलंय?"

"अकरा देशांत! सगळीकडे अजून याचं नाव काढतात!"

यानिक पुन्हा हसला.

अबू गालिब डोळे वटारून समोरच्या भरल्या कपाकडे बघत राहिले. तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. हां! कॉफी प्यायली नाही म्हणून रागावलेत! ॲसिडिटी गेली खड्ड्यात! बाईंनी कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

त्याबरोबर पडद्यामागून बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्या उठल्या! कारण मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कप उचलतच नाही. मयसूनची आई उम्म गालिब मिठाईचं ताट घेऊन धावत आल्या आणि यानिकच्या तोंडात भला मोठा तुकडा कोंबला. यानिकनं तो खाल्ला. दुसराही खाल्ला.

मग मात्र लमीसबाईंना आपलं कॉफीवरचं प्रकरण शब्द न् शब्द आठवलं.

तेवढ्यात कारखान्यातून मयसून आली. "बाबा, कुणाचं लग्न आहे?"

"तुझं! वर्षभराचं! आठ ते चार!"

सगळा उलगडा होईपर्यंत मयसून हसून हसून जमिनीवर बसली होती. "अहो बाबा, त्यांना मी मदतनीस म्हणून हवी होते! कारखान्यात!"

"अगं, मग मी ओरडले त्याचं काय?" उम्म गालिब म्हणाल्या.

"ते आता शेजारपाजारच्यांना सांग, आई."

लमीसबाईंनी पर्स उचलली. डोळ्यांपुढे ऑफिसचं कुलूप लोंबत होतं.

"थांबा," अबू गालिब म्हणाले. "काम देतो. पण सल्लागार म्हणून याला. एवढा गोंधळ झाला, मी डोळे वटारले, हिनं तोंडात मिठाई कोंबली. पण पोराच्या कपाळावर आठी नाही! माझ्या कारखान्यात असाच माणूस हवा."

"अहो, पण त्याला अरबीचा एक शब्द येत नाही!"

"म्हणजे भांडणात तेलही ओतणार नाही!"

"आणि... मी?"

"या की. दुभाषी लागेलच ना त्याला."

लमीसबाईंनी पर्स पुन्हा मांडीवर ठेवली. यानिक कुतूहलानं विचारत होता, काय म्हणतायत हे?

बाई त्याच्याकडे वळल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "त्यांना माझं बोलणं फार आवडलं!"