सभेचे दगड

या, बसा बाळांनो. एकमेकांच्या शेपटीवर बसू नका. ज्यांना शेपटी नाही त्यांनीसुद्धा नीट बसा.

तर एका जंगलात नुकतीच मोठी लढाई संपली होती. शेजारच्या जंगलातले हत्ती आले, लढले, हरले आणि जाता जाता तळ्याचा बांध फोडून गेले. तेव्हापासून पावसाळ्यात तळं भरायचं आणि उन्हाळ्याच्या आत वाहून जायचं.

त्या तळ्यात कमठा नावाची कासवीण राहायची. नवी नवरी होती बिचारी! दर उन्हाळ्यात तिला पाण्यासाठी नदीवर जावं लागे. आता कासवाची चाल तुम्हाला ठाऊकच आहे. ती नदीवर पोचेपर्यंत परत निघायची वेळ व्हायची. तिचं मागणं एवढंच होतं, बांध बांधा.

जंगलात दोन पक्ष होते. सामाईक पक्षाचा पुढारी भालबा अस्वल. तो म्हणायचा, "तळं सगळ्यांचं! बांधही सगळे मिळून बांधू!"

खासगी पक्षाचा पुढारी नकुलशेठ मुंगूस. तो म्हणायचा, "सगळे मिळून कधी काही करतात का? तळं एकाच्या ताब्यात द्या. तो झक मारत बांधील."

निवडणूक उन्हाळ्यात असे. सभा व्हायच्या फुटक्या बांधाच्या खिंडारात. तिथं तेव्हा कोरडं असायचं आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर बसून ऐकायची सोय होती. बोलणारा दगडावर उभा राहायचा. पण रीत अशी, की दुसऱ्या पक्षाच्या दगडाला पाय लावायचा नाही. लावला तर पक्ष बाटायचा! आणि आपल्या जुन्या दगडावरून नवी घोषणा करणं काही शोभत नाही. म्हणून दर सभेला नवा दगड यायचा. सभा संपली की तो तिथेच टाकून मंडळी जेवायला जायची.

पहिल्यांदा भालबा जिंकला. त्यानं बांध खातं काढलं. एक रेडा माती उचलणार, दुसरा ती उचलली का ते बघणार, तिसरा दुसऱ्यावर लक्ष ठेवणार. फक्त पहिल्या रेड्याची जागा भरायची राहून गेली.

"भावजी, बांध कधी?" कमठानं विचारलं.

"वहिनी, खातं काढलंय ना! आता काळजी कसली?"

इकडे हरलेल्या नकुलशेठनं विचार केला. लोकांना सामाईक आवडतं काय? ठीक आहे. पुढच्या सभेत तो नव्या दगडावरून ओरडला, "आम्ही शेपट्यासुद्धा सामाईक करू!"

जंगल खूश झालं, विशेषतः बिनशेपटीचे. नकुलशेठ जिंकला.

आता भालबानं डोकं खाजवलं. खासगी पक्ष जिंकला, म्हणजे आपलं सामाईक फसलं वाटतं! त्यानं नवा दगड आणला, त्यावर चढून खासगीची घोषणा केली आणि तो जिंकला. तळं बगळ्याला दिलं. बांध बांधायची अट घातली. पण बाळांनो, बगळा मासे धरतो गुडघाभर पाण्यात. तो कशाला तळं भरू देतोय!

"अरे मेल्या, बांध कुठाय?" कमठाकाकूनं विचारलं. हो, एव्हाना तिची काकू झाली होती.

"काकू, बाजार बघून ठरवू," बगळा म्हणाला.

वर्षं गेली. भालबा गेला, नकुलशेठ गेला, मुलं आली, नातवंडं आली. सामाईक पक्ष खासगी व्हायचा, खासगी पक्ष सामाईक व्हायचा, मग पुन्हा उलट. नावं मात्र कुणी बदलली नाहीत, कारण फलक रंगवून झाले होते. सभा चालूच होत्या. दगड पडत होते, ऐकणाऱ्यांचे खूर माती तुडवत होते.

आणि एका उन्हाळ्यात तळं आटलंच नाही! खिंडार दगडमातीनं पार बुजून गेलं होतं.

"अगं बाई! बांध झाला की!" कमठाआजी म्हणाली. आनंदानं तिनं तळ्याला फेरी मारली.

झालं! भालबाचा नातू धावत आला. "हा बांध आमच्या पक्षानं बांधला!"

"वा रे वा! यात आमचे दगड आहेत," नकुलशेठची नात म्हणाली.

"मग घेऊन जा तुमचे!"

"नेतेच! तुमचे तुम्ही न्या!"

दोन्हीकडचे कार्यकर्ते पहारी घेऊन आले. या वयात नदी गाठणं कमठाआजीला जमणारच नव्हतं.

नातवानं एका दगडाला पहार लावली. "यावरून आजोबांनी सामाईकची घोषणा केली होती."

"छट्! ते माझे आजोबा. शेपट्यांची सभा ती!"

"बरं, मग बगळ्याच्या सभेचा दगड तुमचा. न्या तो."

"आमचा कसा? तेव्हा खासगी तुम्ही होतात!"

"आम्ही? आम्ही तर सामाईकवाले!"

चुकून दुसऱ्याचा दगड उचलला तर पक्ष बाटायचा. पहारी खाली ठेवल्या गेल्या. कुठला दगड कुणाचा हे ठरवायला एक समिती नेमली.

समिती अजून बसते. बांधावरच बसते, तिथं वारा छान येतो. कमठाआजी रोज पोहत पोहत तिच्यासमोर येते आणि मायेनं म्हणते, "सावकाश होऊ द्या हं, बाळांनो!"

तात्पर्य: पुढाऱ्यानं आपल्या मतावर कधीही ठाम राहू नये. राहिला, तर आपला दगड ओळखून घरी घेऊन जातो.